मावळच्या दगडाची परीक्षा

इंद्रायणीच्या काठी, नाणे मावळाच्या तोंडाशी वसलेले कामशेत हे गाव मुंबई-पुण्याच्या वाटेवरचे एक लहानसे ठाणे आहे. पावसाळ्यात भाताची खाचरे, उन्हाळ्यात उघडेबोडके डोंगर, आणि बारा महिने डोळ्यांसमोर काळा कातळ. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हारसाचे थरावर थर बसून झाला. पुण्याकडील विहीर खणणारे या थरांना आपापली नावे देतात. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. मध्येच एखादा लालसर, गेरूसारखा पट्टा लागतो. तो कोरडा असताना कठीण भासतो, पण पाणी लागताच भुसभुशीत होतो. ही नावे पुस्तकातील नव्हेत, पहारीच्या टोकाला जे कळले त्याची ती नावे होत. दगडाची परीक्षा करण्याची विद्या या मुलुखाला नवी नाही, हे सांगण्यास तेवढा पुरावा पुरेसा आहे.

याहून मोठा पुरावा कामशेतच्या आसपासच्या डोंगरांत आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी खोदणाऱ्या पाथरवटांनी एकच अखंड कातळ निवडावयाचा होता. निवड चुकली तर दुरुस्तीला जागा नव्हती. कार्ल्याचा चैत्य सुमारे 124 फूट लांब आहे. एवढ्या लांबीत एखादी मोठी भेग किंवा लाल मातीचा पट्टा आडवा आला असता, तर अर्धे काम टाकून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाथरवटाची कसोटी कानाची असे. हातोडा मारल्यावर दगड खणखणीत वाजला तर तो एकजिनसी. बद्द आवाज आला तर आत कोठे तरी पोकळी किंवा चीर आहे. गवंडीही आजतागायत वीट याच रीतीने वाजवून घेतो. कसोटी खरी आहे, यात संशय नाही. तिचा दोष एवढाच की ती ज्याच्या कानात असते त्याच्याबरोबरच जाते. ती कागदावर उतरत नाही, आणि वाद उपस्थित झाला तर न्यायाधीशापुढे मांडता येत नाही.

वाद उपस्थित होण्याचा प्रसंग एकोणिसाव्या शतकात या घाटातच आला.

खंडाळा ते पुणे हा आगगाडीचा रस्ता 14 जून 1858 रोजी खुला झाला. कामशेतचा परिसर त्याच टप्प्यात येतो. परंतु खोपोली आणि खंडाळा यांच्यामध्ये बोरघाट उभा होता, आणि तेवढी वाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी काढावी लागे. घाटाचे काम 1856 च्या प्रारंभी सुरू झाले होते. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने आखलेला हा चढ पावणेसोळा मैल लांब होता, आणि तेवढ्यात 1831 फूट उंची गाठावयाची होती. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल, आणि काही ठिकाणी दर 37 फुटांस एक फूट असा चढ. फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने काम घेतले, पण मजुरांशी बेबनाव झाल्यानंतर 1859 मध्ये त्याने ते सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची विधवा पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालविले. ही गोष्ट त्या काळच्या मानाने विलक्षणच म्हटली पाहिजे. 1861 च्या सुमारास घाटात 42,000 माणसे एकाच वेळी राबत होती. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांनी त्यांतील किती जण गेले, याची मोजदाद कोणी काटेकोरपणे ठेवली नाही. घनफुटांची मोजदाद मात्र बिनचूक होती, कारण कंत्राटदाराला पैसे त्यावर मिळावयाचे होते.

21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले स्वतः ते पाहण्यास उरला नव्हता. 1862 मध्येच इंग्लंडात त्याचे देहावसान झाले होते. आणि अवघ्या चार वर्षांनी, 1867 च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, या घाटातील ‘मऊ की मळी’ या नावाने ओळखला जाणारा पन्नास पन्नास फुटांच्या आठ कमानींचा पूल कोसळून पडला.

या घटनेने जो हादरा बसला तो केवळ एका पुलापुरता नव्हता. याच रेल्वेच्या इतर ठिकाणच्या दगडी पुलांनाही तडे गेल्याचे दिसू लागले होते, आणि कित्येक पूल पुन्हा बांधावे लागले. बोट दाखविले गेले ते बांधकामाच्या निकृष्टतेकडे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. घाटातील दगड वाईट नव्हता. बोगदे खोदणारांना तो इतका कठीण लागला की सुरुंगाच्या एकेका छिद्रासाठी तासन् तास खपावे लागे. मग त्याच दगडाचा पूल चार पावसाळ्यांत का पडावा? याचे उत्तर दोन दगडांच्या मध्ये असते. दगडी भिंत म्हणजे नुसता दगड नव्हे. दर्शनी बाजूस घडीव चिरे, पोटात अनघड दगडांची भर, आणि या सर्वांना बांधून ठेवणारा चुना. भर घालताना पोकळ्या राहिल्या, आरपार जाणारे सांधेदगड कमी घातले, किंवा चुना कच्चा निघाला, तर बाहेरून देखणी दिसणारी भिंत आतून रिकाम्या पोत्यासारखी असते. पाणी आत शिरते, चुना धुऊन नेते, आणि एके दिवशी भार सोसणारे काहीच शिल्लक राहत नाही.

आकड्यांत सांगावयाचे तर फरक असा. काळ्या पाषाणाचा घट्ट ठोकळा दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमहून पुष्कळ अधिक भार सोसतो. चुना-सुरखीचा चांगला मुरलेला मसाला याच्या विसाव्या हिश्शाइतकाही सोसत नाही. तेव्हा परीक्षा करावयाची ती प्रथम चुन्याची. आणि चुन्याची परीक्षा कानाने होत नाही.

दख्खनच्या पठारावर चुन्याचा प्रश्न मुळातच अवघड होता. जेथे सर्वत्र लाव्हारसाचा दगड, तेथे चुनखडीचे डोंगर कोठून असणार? ओढ्यानाल्यांच्या काठी आणि काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडे भट्टीत भाजून चुना करावा लागे. हे खडे एका जागी मातीमिश्रित, तर दुसऱ्या जागी शुद्ध. वरवर पाहता शुद्ध तेच उत्तम असे वाटेल, पण प्रकार उलटा आहे. अगदी शुद्ध चुना हवेत सुकतो, पण पाण्याखाली धरीत नाही. ज्या खड्यात मातीचा काही अंश असतो, त्याचा चुना पाण्यातही घट्ट होतो. शुद्ध चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, मिसळण्याची आपल्याकडील जुनी चाल याच कारणाने पडली. बैलाच्या घाणीत चुना, सुरखी आणि वाळू तासन् तास मळणाऱ्या गवंड्याला यातील रसायन ठाऊक नसेल, परंतु परिणाम ठाऊक होता.

हे रसायन प्रथम पद्धतशीर तपासले ते जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअराने. एडिस्टनच्या समुद्रातील खडकावर दीपगृह बांधावयाचे म्हणून त्याने 1756 च्या सुमारास निरनिराळ्या गावांचा चुना आणवून त्याचे दोन दोन इंचांचे गोळे केले, ते पाण्यात ठेवले, आणि कोणता गोळा विरघळतो, कोणता दगड बनतो, हे पाहिले. साधने म्हणावीत तर एक पातेले आणि थोडे पाणी! तथापि नमुना घेणे, सर्व नमुने सारखे करणे, त्यांना सारख्याच परिस्थितीत ठेवणे आणि निकाल लिहून ठेवणे, ही प्रयोगशाळेची चारही अंगे त्यात आली होती. पुढे फ्रान्समध्ये लुई व्हिका याने दोर्दोन्य नदीवरील पुलाच्या निमित्ताने हाच विषय हाती घेतला आणि 1818 मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. चुना किती घट्ट झाला हे बोट रुतवून ठरविण्याऐवजी त्याने वजन लावलेली सुई वापरली. आजही सिमेंटचे प्रत्येक परीक्षण या सुईने सुरू होते. एक चौरस मिलिमीटर टोकाची सुई, 300 ग्रॅम वजन, आणि 40 मिलिमीटर खोल साच्यात भरलेला सिमेंटचा लगदा. सुई तळापासून पाच मिलिमीटरवर अडू लागली की सिमेंट धरू लागले असे समजतात. साध्या सिमेंटला हे होण्यास अर्ध्या तासाहून कमी वेळ लागता कामा नये, आणि पूर्ण घट्ट होण्यास दहा तासांहून अधिक लागता कामा नये.

बोरघाटाचे काम चालू होते, नेमक्या त्याच वर्षांत लंडनमध्ये शहराच्या मोठ्या गटारांसाठी सिमेंट घेतले जात होते, आणि जॉन ग्रँट हा इंजिनिअर आलेल्या मालाचे हजारो नमुने ओढून तोडून पाहत होता. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, कमरेत बारीक अशी वडी साच्यात घालावयाची, ठराविक दिवस पाण्यात ठेवावयाची, मग दोन्ही टोकांस चिमटे लावून तुटेपर्यंत ओढावयाची. जो कारखाना कमी भरेल त्याचा माल परत. यामुळे सिमेंटवाल्यांनी प्रथम कुरकुर केली आणि मग सिमेंट सुधारले. 1865 च्या सुमारास डेव्हिड कर्कल्डी याने लंडनच्या साउथवार्क भागात केवळ परीक्षणासाठी स्वतंत्र शाळा काढली. तिच्यातील यंत्र 116 टन वजनाचे होते आणि दहा लक्ष रत्तलांपर्यंत ओढ किंवा दाब देऊ शके. पुढे 1874 मध्ये बांधलेल्या इमारतीच्या दारावर त्याने ‘तथ्ये, मते नव्हेत’ अशा अर्थाचे वाक्य कोरून घेतले. 28 डिसेंबर 1879 रोजी स्कॉटलंडातील टे नदीवरचा पूल गाडीसह वादळात कोसळला, तेव्हा त्याचे मोडके लोखंडी तुकडे याच शाळेत आणून तोडून पाहण्यात आले. बिडाच्या कानांत अपेक्षिलेले बळ मुळीच नव्हते, हे चौकशीपुढे सिद्ध झाले. मऊ की मळीच्या पुलाच्या वेळी अशी साक्ष देणारे यंत्र या देशात कोणापाशी नव्हते.

पुण्यात मात्र या विद्येचे बीज पडले होते. सार्वजनिक बांधकामाकडे लागणारे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी 1854 मध्ये एक इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता. 1864 मध्ये त्याचे सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज झाले, आणि 1866 मध्ये ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. 1865 पासून पुढे कित्येक वर्षे तेथे प्राचार्य असलेले थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. पण मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथच अधिक प्रसिद्ध झाला. पाने आणि फुले यांचे नमुने वाळवून, नावनिशीवार लावून ठेवणारा मनुष्य इंजिनिअरिंगच्या शाळेवर असणे ही त्या शाळेची भाग्याची गोष्ट होय. याच कॉलेजातून 1883 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, आणि त्यांना मिळालेले पारितोषिक बोरघाट आखणाऱ्या जेम्स बर्कलेच्या नावाचे होते. पुढे खडकवासल्याच्या दगडी धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे विश्वेश्वरय्या ते हेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी मावळात दगड आणि चुना यांना पुन्हा मोठी मागणी आली. 8 फेब्रुवारी 1911 रोजी लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला बसली, आणि बरोबर चार वर्षांनी, 8 फेब्रुवारी 1915 रोजी, खोपोलीच्या विजेचे उद्घाटन झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी सुमारे सतराशे फूट खाली नेऊन चक्रावर सोडावयाचे, अशी ही योजना. कामशेतच्या उत्तरेस आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले आणि 1922 मध्ये भिवपुरीची वीज सुरू झाली. पुलाच्या कमानीला पाणी पावसाळ्यापुरते भिडते. धरणाच्या भिंतीला ते रात्रंदिवस रेटीत असते. धरण फुटले तर एक आगगाडी नव्हे, खालचे सारे खोरे जाते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटून त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडविल्या, तेव्हा हे पुणेकरांना वेगळे सांगावे लागले नाही.

दरम्यान परीक्षणाची व्यवस्था हळूहळू उभी राहिली होती. इंग्लंडात सिमेंटचे पहिले प्रमाण 1904 मध्ये ठरले. 1912 मध्ये कलकत्त्यास अलीपूर येथे सरकारी परीक्षणगृह निघाले. रेल्वेला लागणारा माल पारखणे हे त्याचे प्रमुख काम. 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागले, तशी बैलाच्या घाणीची करकर मागे पडत गेली. पाण्याच्या प्रश्नांवर संशोधन करण्यासाठी मुंबई इलाख्याने 1916 मध्ये काढलेला विभाग पुढे खडकवासल्याचे मोठे संशोधन केंद्र झाला. 1947 मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली, आणि 1959 मध्ये नाशिकला राज्याची स्वतःची अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली.

या प्रयोगशाळांत मावळची खडी जेव्हा येते, तेव्हा तिची जी झडती होते ती पाहण्याजोगी असते. प्रथम ती धुऊन, वाळवून, तोलून चोवीस तास पाण्यात ठेवतात आणि पुन्हा तोलतात. किती पाणी प्याली ते कळते. घट्ट पाषाण फारच थोडे पाणी पितो. मांजऱ्याची खडी तहानलेली असते. मग दहा ते साडेबारा मिलिमीटरांचे खडे पोलादी नळकांड्यात भरून त्यांवर दहा मिनिटांत 40 टनांचा भार चढवितात. जो चुरा होतो तो 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावयाचा आणि शेकडा किती पडला ते मांडावयाचे. रस्त्याच्या पृष्ठभागाच्या काँक्रीटसाठी शेकडा तीसच्या वर गेले की खडी नापास. दुसऱ्या कसोटीत सुमारे 14 किलोचा हातोडा 380 मिलिमीटरांवरून पंधरा वेळा पाडतात. तिसरीत पोलादी गोळ्यांबरोबर खडी एका पिंपात घालून ते पिंप पाचशे वेळा फिरवितात. हा गडगडाट शेजारच्या खोलीत पाठ चालू असेल तर तो बंद पाडण्यास समर्थ असतो. दाब, धक्का आणि घासणे अशा या तीन निरनिराळ्या परीक्षा होत, कारण बैलगाडीपासून मालमोटारीपर्यंत प्रत्येक चाक रस्त्यावर ही तिन्ही संकटे एकदमच आणते. एकीत उत्तीर्ण झालेला दगड दुसरीत पडू शकतो.

काँक्रीटची परीक्षा याहून सावकाश चालते. 150 मिलिमीटरांचे लोखंडी साचे भरावयाचे, दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून पाण्यात ठेवावयाचे, आणि काही सातव्या दिवशी, काही अठ्ठाविसाव्या दिवशी फोडावयाचे. भार एका ठराविक वेगानेच चढविला पाहिजे. घाईने चढविला तर ठोकळा आहे त्याहून बळकट भासतो. चांगला ठोकळा फुटतो तोही एका रीतीने. चारी बाजू कपच्यांनी गळून पडतात आणि मध्ये टोकाला टोक भिडलेल्या दोन मनोऱ्यांसारखा आकार उरतो. एकाच बाजूने तडकला तर अनुभवी परीक्षक आधी यंत्राकडे आणि साच्याच्या कोपऱ्यांकडे पाहतो, मग काँक्रीटकडे.

येथेच या विद्येची मर्यादाही दिसते. ठोकळा ज्याने भरला त्याला तो फुटणार हे ठाऊक असते. कामावर काँक्रीट पातळ असताना साच्यापुरते घट्ट कालविणे, थोडे सिमेंट अधिक टाकणे, हे प्रकार कोठेच अज्ञात नाहीत. नमुना कोणी, कोठून आणि कोणासमोर घेतला, यावर निकालाची किंमत ठरते. म्हणून नमुना घेण्याचे नियम हे यंत्राच्या नियमांइतकेच बारीक असतात: ढिगाच्या एकाच जागेवरून घेऊ नये, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, उरलेल्यांचे पुन्हा चार करावेत. पाथरवटाचा कान त्याच्याबरोबर जाई हा त्या कसोटीचा दोष होता. प्रयोगशाळेच्या आकड्याचा दोष असा की तो नमुन्याला सोडून कोठेही जाऊ शकतो.

कामशेतच्या डोंगरातून जाणारे बोगदे आणि त्यांना जोडणारा मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्णपणे खुला झाला. लेणी आणि आगगाडी यांच्यानंतर या कातळात माणसाने केलेला हा तिसरा मोठा प्रवेश. बोगदा खणण्यापूर्वी डोंगरातून गोल पोकळ गिरमिटाने दगडाच्या लांब कांड्या काढून पेट्यांत क्रमाने मांडण्याची रीत आता सर्वत्र आहे. अशा पेटीत काळी कांडी संपून लाल तुकड्यांचा चुरा कोठे सुरू होतो, हे शेंबड्या पोरालाही दिसेल. विहीर खणणाराचे मुरूम, मांजऱ्या आणि पाषाण तेथे फुटा-इंचांनिशी लिहिलेले असतात. काँक्रीटच्या रस्त्यासाठी ठोकळ्याबरोबर लांब तुळयाही भरून मध्यभागी वाकवून मोडतात, कारण चाकाखाली फरशी चिरडत नाही, वाकून तडकते.

आणि ठोकळ्यांवर विश्वास बसेनासा झाला तर तयार बांधकामालाच भोक पाडून कांड्या काढतात. अशा तीन कांड्यांची सरासरी ठरलेल्या बळाच्या शेकडा 85 हून खाली येता कामा नये, आणि एकही कांडी शेकडा 75 च्या खाली जाता कामा नये. कांडी काढल्यावर राहिलेले भोक त्याच दिवशी काँक्रीटने बुजवितात, आणि कांडीवर खडूने जागा, तारीख आणि क्रमांक लिहून ती पुण्यास पाठवितात.